अजिंठ्याच्या पद्मपाणीचं उठावचित्र वडिलांच्या हाताला कळेल का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही, म्हणून जरा लांबड लावतोय.

वडील, आम्ही नाना म्हणतो, लातूर जिल्ह्यातल्याच एका हायस्कूलला ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेली पोरं आज फ्लेक्सच्या दुकानापासून मंत्रालयापर्यंत कुठंही सापडतात. शाळेची सहल दरवर्षी वेरूळ-अजिंठाच. दुसरीकडं न्यायचं कुणी नाव काढलं की म्हणायचे, "महाबळेश्वरला काय थंडी बघायला नेऊ?" अजिंठ्याच्या एक नंबर लेण्यात पोरांना पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर उभं करायचे आणि गाइडला बाजूला सारून स्वतःच सुरू व्हायचे. त्यांनी पोस्टर कलरमध्ये केलेली पद्मपाणीची कॉपी आमच्या बैठकीत अजून आहे.

काचबिंदू उशिरा कळाला. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार. डाव्यानं अगदी समोरचं थोडंसं, तेही उजेड चांगला असला तर. नानांनी ड्रॉइंगचं सगळं सामान माळ्यावर टाकायला लावलं. दिवसभर खाटेवर पडून असतात. रेडिओ लावू का विचारलं तरी नको. हाताला धरून काही दाखवायला गेलं तर हात ओढून घेतात. आई म्हणते, "जन्मभर मास्तरकी केली, आता विद्यार्थी व्हायची लाज वाटायली त्यांना."

एमआयडीसीत एक जण दारांवर आणि देवघरांवर सीएनसी मशीननं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीननं, नक्षी काढून देतो. त्याला पद्मपाणीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, दोन बाय तीन फुटांत जसाच्या तसा उठाव काढून देतो. पैसे बरेच सांगतोय, पण नानांची पंच्याहत्तरी आहे, द्यावं असं वाटतंय. हाताला कळेल का त्यांच्या? कुणी असं काही करून घेतलंय का?

सागवान_शिसम (नांदेड)

बिनधास्त करा. सागवान नको, एमडीएफ घ्या, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, रेषा स्वच्छ निघते. वरून लॅकर मारू देऊ नका, बारीक काम बुजतं. वडील खूश होतील.

काजबटण (औसा)

थांबा भाऊ. ऑर्डर दिली नसेल तर देऊ नका.

आधी माझी ओळख. औशात शिलाईचं दुकान आहे, लेडीज-जेंट्स दोन्ही, आणि मला दिसत नाही. फोनवर बोलून टाइप करायलोय, तवा काजाचं काजू झालं असलं तर सांभाळून घ्या.

मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. लहानपणी त्याला रातांधळं म्हणायचे आणि दिवेलागणीनंतर घरातून हलायचं नाही एवढंच औषध होतं. यात डोळ्याच्या पडद्यावरच्या, अंधारात बघायचं काम करणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून आधी रात्र जाते. मग कडेकडेनं दिसणं कमी होतं आणि समोरची एक नळी उरते. माझी ती नळीही गेली, आता खिडकी कुठल्या अंगाला आहे तेवढं कळतं. आमचे आई-वडील मामे-आत्ते भावंडं. अशा लग्नांत हा आजार लेकरांत उतरायची शक्यता वाढते, हे मला संसार थाटल्यावर कळालं. असो, तो विषय वेगळा.

दुकान बंद केलं नाही. मशीनच्या पाट्यावर सुईपासून अर्ध्या इंचावर जाड पुठ्ठ्याची पट्टी चिकटवलीय, कापडाची कड तिला धरून सोडली की शिलाई सरळ जाते. टेपला दर पाच इंचाला स्टेपलरची पिन मारलीय. सुई ओवणीनं ओवतो, नाही जमलं तर जिभेच्या टोकावर धरून. कटिंग मात्र भाचा करतो, खोटं कशाला बोलू.

आता तुमच्या सीएनसीचं. त्या मशीनला बोधिसत्त्व कळत नाही. फोटो जसाच्या तसा दिला तर त्याला एवढंच कळतं की पांढरं ते वर आणि काळं ते खाली. म्हणजे अजिंठ्यात जिथं रंग उडून पांढरट पडलंय तिथं टेंगूळ येणार, जिथं काळवंडलंय तिथं खड्डा. भुवया काळ्या, म्हणून त्यांच्या चऱ्या होणार. चांगला कारागीर असला तर कॉम्प्युटरवर बसून हे सगळं हातानं दुरुस्त करतो, पण देवघरवाला एवढं करणार आहे का, ते आधी विचारा. बैठकीत टांगल्यावर पाहुण्यांना लांबून झकास दिसेल, लोक फोटो काढतील. नानांच्या बोटाला मात्र खरूज झालेलं फळकूट लागेल.

समजा दुरुस्त करून दिलं, तरी पुढची अडचण आहेच. डोळ्याला आधी अख्खं चित्र दिसतं, मग माणूस बारकावे बघत बसतो. बोटाचं उलटं. बोटाखाली येतं तेवढंच त्याला ठाऊक, पुढं सरकलं की मागचं ध्यानात ठेवायचं आणि अख्खं चित्र डोक्यात जुळवायचं. दोन बाय तीन फुटांवर दोन्ही हात फिरवून मुकुटापासून कमरेपर्यंत येईस्तोवर मुकुट डोक्यातून गेलेला असतो. दोन्ही पंजे पसरले की त्यात मावंल एवढंच चित्र बरं, ड्रॉइंगच्या भाषेत ए-थ्री.

त्यात पद्मपाणी म्हणजे सगळा कारभार रंगाच्या छटांचा. गाल कुठं संपला आणि हनुवटी कुठं सुरू झाली हे डोळ्याला छटेवरून कळतं, बोटाला तिथं काहीच सापडत नाही. कमळ धरलेला हात अंगापुढं येतो. डोळ्याला "पुढं" आणि "मागं" कळतं, बोटाला दोन रेघा एकमेकींवर चढल्या एवढंच कळतं. म्हणून आमच्या चित्रात मागची रेघ पुढच्या रेघेच्या अलीकडं तोडतात आणि मधे जागा सोडतात. दोन रेघांत निदान तीन-चार मिलिमीटर अंतर पाहिजे. त्याहून जवळ आल्या की दोन्हींची मिळून एक जाडी रेघ होते.

एका कार्यक्रमात आम्हा पाच-सात जणांच्या हातात एक उठावचित्र दिलं आणि साहेब म्हणाले, "ओळखा पाहू." चार जणांनी कुकर म्हटलं. ताजमहाल होता. साहेब हिरमुसले. पण त्यांनी आधी सांगितलं असतं की हा ताजमहाल आहे, समोरून काढलाय, मधे मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांना मिनार, तर आम्ही प्रत्येकानं घुमटाचा फुगीरपणा, मिनाराची उंची सगळं बघितलं असतं, आणि चुका पण काढल्या असत्या. चित्र हातात देऊन परीक्षा घेऊ नये. तुम्ही चित्रप्रदर्शनात गेल्यावर खालची पट्टी वाचता का नाही?

नाना हात ओढून घेतात म्हणालात, त्याचं मला हेच कारण दिसायलंय. त्यांना वाटत असंल, आता पोरगा विचारणार, "सांगा बरं हे काय आहे?"

मी काय करतो ते सांगतो. दुकानात चिंध्यांना तोटा नाही. माझी आई वाकळ शिवायची. जुनं लुगडं, धोतर, टेरिकॉट, जे हाती लागंल ते. लाइट गेलेली असली तरी हात फिरवून सांगायची, हे तुझ्या आज्याचं धोतर, हे माझं लग्नातलं. मी तसंच, पण आकार धरून करतो. औशाचा किल्ला भुईकोट. चौरसासारखी आखणी, भोवतीनं खंदक, आत एकात एक दोन तट. डोळे होते तवा किल्ल्यात शंभरदा गेलो असंल, पण तो वरून बघितला तर कसा आहे हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. कापडात केला तवा कळालं. खंदकाला सॅटिन लावलं, बोटाला गार लागतं. पाणी असो नसो, आपण लावलं. तटांना दुहेरी बकरम, म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड, आणि वरून जाड दोऱ्याची तुरपाई. बाहेरचा तट आतल्यापेक्षा जाड, म्हणजे आपण कुठल्या तटावर आहोत ते कळतं. मधली मोकळी जागा एकदम साधी, पुठ्ठाच. सगळीकडं काहीतरी चिकटवलं की बोट दमतं आणि काहीच कळंना होतं. एका चित्रात चार-पाच कापडांच्या वर जाऊ नये.

आता तुमच्या नानांसाठी. तुम्ही काही करून देऊ नका, त्यांना करू द्या. दुसऱ्यानं केलेलं ओळखत बसण्यापेक्षा आपल्याला पाठ असलेलं मांडणं कितीतरी सोपं जातं. एलिमेंटरीला स्मरणचित्राचा पेपर असतो ना? आयुष्यभर तो पेपर शिकवलेला माणूस पद्मपाणी विसरला असंल का? हाताला सामान मिळालं पाहिजे फक्त.

सामान साधं आहे. शिलाईच्या दुकानात वेल्क्रोचे रोल मिळतात, चपला-बॅगांना लावतात ते. त्यातली काटेरी बाजू घ्या, रुंदातली, काळ्या रंगाची. जाड पुठ्ठ्यावर पट्टीशेजारी पट्टी चिकटवून ए-थ्रीएवढा बोर्ड करा. त्यावर लोकरीचा धागा दाबला की बसतो, उचलला की निघतो. म्हणजे खोडता येणारी रेघ झाली. धागा पिवळा किंवा पांढरा घ्या, काळ्यावर तो त्यांच्या डाव्या डोळ्यालाही थोडा दिसंल. बोर्डाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापा, म्हणजे वरची बाजू कुठली ते विचारावं लागत नाही. खाली रबरी मॅट टाका, बोर्ड सरकला की माणूस चिडतो.

आणि अख्खा पद्मपाणी एकाच बोर्डावर नको. एकावर नुसती उभी आकृती, मानेचा कल आणि कमरेचा बाक. दुसऱ्यावर फक्त कमळ धरलेला हात. तिसऱ्यावर मुकुट. रेघा पक्क्या ठरल्या की मग कापडात करू, त्यात मी मदत करतो. अंगाला मांजरपाट, कमळाला सॅटिन, गळ्यातल्या माळेला खरे मणी.

तुम्ही फक्त त्यांच्यासमोर बसून चुकीची मान लावा. बाकी ते बघून घेतील.

मांजराकाठ (लातूर)

काजबटण दादा, काय बोलू. सीएनसीवाल्याला थांबवलंय. वेल्क्रो गंजगोलाईच्या बाजारात मिळाला, बोर्ड चालू आहे.

अजून एक विचारायचं होतं, मघाशी सगळ्यांसमोर लिहायला नको वाटलं. नानांना भिंतीवर जाळीची नक्षी दिसते म्हणतात. कधी फेटे बांधलेली वीतभर माणसं खाटेच्या कडेनं चाललेली दिसतात. बोलत नाहीत, नुसती चालतात. नानांना माहीत आहे की ती खरी नाहीत, पण आईनं बाहेरचं काहीतरी आहे म्हणून लिंबू उतरवून टाकलं. तेव्हापासून नाना त्याबद्दल बोलतच नाहीत. डोक्यावर परिणाम व्हायलाय का?

नंबर_किती (संभाजीनगर)

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासणारा. तुम्ही लिहिलंय तसं असेल तर घाबरायचं कारण बहुतेक नाही. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. बॉनेट नावाच्या स्विस अभ्यासकानं १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं. आजोबांची नजर मोतीबिंदूनं गेली होती, डोकं ठणठणीत होतं, आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोळ्याकडून मेंदूकडं येणारी माहिती कमी झाली की मेंदूचा बघणारा भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं तयार करतो. जाळी, नक्षी, बुटकी माणसं, वेगळ्याच पोशाखातले लोक असं बऱ्याच जणांना दिसतं. नाना सांगतात तसंच.

लोक वेडं ठरवतील म्हणून पेशंट हे लपवतात. त्यांना याचं नाव सांगा, नाव कळल्यावरच निम्मा भार उतरतो. दिसायला लागलं की दिवा लावावा किंवा बंद करावा, डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चार-सहा वेळा फिरवावेत, उठून चार पावलं टाकावीत. पुष्कळदा जातं. पण आवाजही ऐकू येत असतील, ती माणसं खरी वाटत असतील किंवा दिवस-वार-माणसं यांत गोंधळ होत असेल तर ते वेगळं आहे, डॉक्टरांना दाखवा. तसंही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालाच.

दोन गोष्टी न विचारता सांगतो. "गेलेलं परत येत नाही" म्हणून थेंब बंद केले असतील तर आधी सुरू करा. काचबिंदूत डोळ्यामागची नस खराब होते, ती दुरुस्त होत नाही हे खरं, पण डाव्या डोळ्याचं जे उरलंय ते थेंबांवरच टिकणार आहे. दुसरं, हा आजार घराण्यात चालतो. तुम्ही आणि तुमची भावंडं चाळिशीपुढं असाल तर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या. सुरुवातीला काहीच दुखत-खुपत नाही, म्हणूनच तर उशिरा कळतो.

दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल (म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही दिसत नसेल), किंवा नजरेचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्वात धरतात. काचबिंदूवाल्यांच्या बाबतीत क्षेत्राकडंच दुर्लक्ष होतं. समोरचा तक्ता वाचतो म्हणून घरी पाठवतात. तेव्हा फील्ड टेस्टचा रिपोर्ट बरोबर न्या.

ठिपके_सहा (परभणी)

मी दृष्टिहीन मुलांना शिकवते, आता मोठ्या माणसांकडंही जाते. काजबटण दादांचं वेल्क्रोचं आवडलं. आम्ही मुलांसाठी रबरी पाटीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवतो, बॉलपेननं ओढलं की रेघ तिथंच वर येते. तुमच्याकडचं टेलरचं दातेरी चाकही कामाचं आहे. कार्डशीट उलटी ठेवून फिरवलं की पलीकडं ठिपक्यांची रेघ उठते.

पण खरं सांगू का, मला इथं सगळे पद्मपाणीच्या मागं लागलेले दिसतात. नाना खाटेवरून उठून स्वतःचे स्वतः मोरीपर्यंत जातात का? ताटातली भाजी कुठंय हे कुणी भरवल्यासारखं न करता त्यांना सांगता का? पांढरी काठी आहे का घरात? घरातला माणूस प्रत्येक गोष्टीला हाताला धरून नेतो आणि मग म्हणतो, ते काहीच करत नाहीत. कला चांगलीच आहे, पण ती नंतर.

हात धरण्याबद्दल. काही दाखवायचं असेल तर त्यांचा पंजा पकडून वस्तूवर ठेवू नका. कुणीही हात ओढूनच घेणार. तुमचा हात वस्तूवर ठेवा आणि त्यांना म्हणा, माझ्या हातावर हात ठेवा. मग आपला हात हळूच खालून काढून घ्या. नको वाटलं तर त्यांना कधीही उचलता येतो.

आणि शुगर आहे का त्यांना? असेल तर बोटांची जाणीव कमी झालेली असू शकते. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून जेमतेम अडीच मिलिमीटरवर असतात, तशा बोटांना ते लागत नाहीत आणि माणूस स्वतःला मठ्ठ समजतो. या वयात ब्रेल नाही आलं तर नाही. मोबाइलचा टॉकबॅक शिकवा, तो पडद्यावरचं बोलून दाखवतो. पण ज्यांची बोटं चांगली आहेत त्यांनी ब्रेल सोडू नये. मराठीत २००८ पासून "स्पर्शज्ञान" हे ब्रेल पाक्षिक निघतंय, आमची मुलं त्याची वाट बघतात.

काजबटण (औसा)

ताई, तुमचं हाताचं एकदम पटलं. "कला नंतर" हे मात्र नाही पटलं.

मला काठी कितीतरी आधी मिळाली होती. मी ती दुकानाच्या माळ्यावर टाकून दिली. बाजारात काठी घेऊन फिरलो तर गिऱ्हाईक म्हणंल, याच्याकडं ब्लाउजचं कापड कशाला टाकू? भिंती धरत, लोकांच्या सायकलींना धडकत फिरलो पण काठी घेतली नाही. मोरीपर्यंत जाता येणं गरजेचंच आहे, पण मोरीपर्यंत जायला मिळतंय म्हणून कुणी सकाळी उत्साहानं उठत नाही. मला उठावंसं वाटलं ते किल्ल्याच्या कापडानं. पूर्वेच्या तटाची लांबी डोक्यात नीट बसंना, म्हणून तट पायानं मोजायला जावं लागलं, आणि खड्ड्याखुड्ड्यांतनं जायचं तर काठी काढावी लागली. तवापासून ती हातात आहे.

त्याच वेल्क्रोच्या बोर्डावर घराचा नकाशा होतो की. खाट इथं, उंबरा इथं, मोरी इथं. पण ते काम नानांना पहिल्याच दिवशी देऊ नका, कुणालाही आपल्या घरात पाव्हणा झाल्यासारखं वाटंल.

ठिपके_सहा (परभणी)

काठीचा मुद्दा सोडत नाही मी. पण नकाशा चांगला आहे. करताना माप धरून करा, नाहीतर चुकीचा नकाशा पाठ होतो आणि माणूस दाराच्या चौकटीला धडकतो.

कच्चा_रंग (संभाजीनगर)

मी फाइन आर्टला आहे. काकांना बिनोद बिहारी मुखर्जी माहीत असणार, शांतिनिकेतनचे चित्रकार. एका डोळ्यानं दिसतच नव्हतं, दुसऱ्याचीही नजर अधू. १९५० च्या दशकात ऑपरेशननंतर उरलीसुरली नजरही गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, मेणात लहान लहान शिल्पं केली आणि १९७२ मध्ये तिथल्याच कलाभवनात सिरॅमिक टाइल्सचं मोठं भित्तिचित्र केलं. टाइल्स हातानं चाचपून मांडता येतात. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी, त्यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला. काकांसमोर हे विषय काढून बघा.

अजून एक. अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावरची आहेत. खाली मातीचा थर, त्यात तूस, गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ गुळगुळीत हात आणि त्यावर रंग. म्हणजे रंगाखाली सगळं बोटांना कळणारं आहे. लेण्यात हात लावायचा नाही आणि लावूही नये. पण गिलावा घरी थापता येतो की. माळवदाच्या भिंतींना लावतात ती पांढरी माती आणि भुसा घ्या. एका पाटीवर निम्म्या भागाला नुसती माती, निम्म्यावर चुना घोटून.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांना एकत्र सांगतो.

चार्ल्स बॉनेटचं नाव नानांना सांगितलं. ऐकून घेतलं, मग आईला म्हणाले, "लिंबू वाया घालवलंस." थेंब चालूच होते, फील्ड टेस्टची तारीख घेतलीय, माझीही तपासणी त्याच दिवशी. शुगर आहे, पण बोटांना सुतळी आणि शिलाईचा दोरा यांतला फरक कळतो, तपासून बघितलं.

बोर्ड तयार झाल्यावर काजबटण दादांनी सांगितलं तसंच केलं. खाटेशेजारी टेबल ओढलं, लोकर घेतली आणि मोठ्यानं म्हणालो, पद्मपाणीची मान लावतोय. नाना भिंतीकडं तोंड करून पडले होते. बराच वेळ काही नाही. मग विचारलं, "किती कललीय?" मी म्हटलं, माझ्या हातावर हात ठेवून बघा. ठेवला, एकदाच फिरवला आणि म्हणाले, "मोडली की रे मान." धागा उपसून काढला आणि स्वतः लावला. डावा हात मुकुटाच्या टोकावर ठेवलेला, तो शेवटपर्यंत हलवला नाही, उजवा त्याच्यापासून अंदाज घेत खाली येत होता. खांदा लावताना मला म्हणाले, पोरांना दहा वेळा सांगितलं तरी खांदे सरळ रेषेत काढायचे, तू पण त्यातलाच.

दुसऱ्या दिवशी हातसुद्धा लावला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ठिपके_सहा ताई, काठीचं नाव काढलं की अजून चिडतात, आणि घराच्या नकाशाला "हे माझं घर आहे, मला नकाशा नको" म्हणाले. पण आता जेवायला खाटेवर नको, टेबलाशी बसतो म्हणतात, कारण बोर्ड तिथं आहे. गिलाव्याची पाटी आईनं थापली. तिला सारवणाचा हात, त्यामुळं चुना पण झकास घोटला. नाना म्हणाले, भुसा जास्त झाला. त्यावरून दोघांचं संध्याकाळभर चाललं.

काजबटण दादा, नानांनी तुमच्यासाठी विचारलंय, मुकुटाला कुठलं कापड घ्यायचं? मी पैठणीचा जुना काठ सुचवला तर ते म्हणायलेत, नको, नुसता झगमगाट, हाताला काय कळणार.

काजबटण (औसा)

बरोबर म्हणायलेत नाना. जरीच्या कापलेल्या टोकाला बोट घासलं की टोचतं आणि नक्षी काहीच लागत नाही. मुकुटाला कॉरडरॉय घ्या, बारीक रेघेची नको, जाड रेघेची. रेघा उभ्या ठेवा. मुकुट उंच आहे, उभ्या रेघांवर बोट आपोआप वर सरकतं. मधल्या मोठ्या रत्नाला ब्लेझरचं बटण, बाजूच्या बारक्यांना शर्टाची बटणं, पण दोघांत एक बोट जागा सोडा. कापड कापल्यावर कड सुटते, म्हणून आतून बकरम लावून इस्त्री मारून घ्या आणि मगच कापा.

तुकडे माझ्याकडं पिशवीभर पडून आहेत. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधी पण या. नाना आले तर चांगलंच, त्यांना किल्ला दाखवीन, तटाच्या मापात काही चुकलं असलं तर काढू देत. नाही आले तर मुकुटाचा कागदावरचा कट घेऊन या, भाच्याकडनं मापात कापून ठेवतो.